काय गाळायचं, ते कोण ठरवतं? अमूर्तीकरणाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात 'ॲबस्ट्रॅक्ट' हा शब्द बहुतेक वेळा नाक मुरडूनच उच्चारला जातो. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शन लागलेलं असतं. घाटाच्या, रंकाळ्याच्या जलरंगांपुढं माणसं रेंगाळतात, ओळखीची कमान दिसली की बोट दाखवतात. पुढच्या भिंतीवर नुसते रंगांचे पट्टे आले की 'ॲबस्ट्रॅक्ट दिसतंय' म्हणून पाय उचलतात. अर्थ एवढाच, की काय कळंना झालंय. याच गावात इंजिनिअरिंगची पोरं कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी 'ॲबस्ट्रॅक्शन म्हणजे काय' याचं उत्तर घोकत असतात, विद्यापीठात एमएस्सीचा वर्ग ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्राच्या पेपरला टरकून असतो, आणि प्रबंध लिहिणारं कुणीतरी शेकडो पानांचा ॲबस्ट्रॅक्ट एका पानात बसवायच्या खटपटीत असतं.

हे सगळे एकच काम करताहेत: गाळण्याचं. समोरच्या गोष्टीतलं कामापुरतं ठेवायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, ही अमूर्तीकरणाची, म्हणजे ॲबस्ट्रॅक्शनची, मूळ क्रिया. चित्रकलेनं विसाव्या शतकात तिला एक वेगळंच वळण दिलं आणि आपल्या डोक्यातला घोळ बराचसा तिथून आलेला आहे. पण या गोष्टीची सुरुवात चित्रांत नाही, हिशोबात आहे.

गुळाचा रवा, उसाची मोळी, कडब्याची पेंढी, वैरणीचा भारा. आपल्याकडं जुनं मोजमाप असं वस्तूला चिकटलेलं असे. इराकमधल्या उरुक शहरात सापडलेल्या, इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकाच्या अखेरीच्या मातीच्या पाट्यांवर हेच दिसतं. तिथले कारकून मेंढ्या मोजताना जे चिन्ह एकाच्या दहापट म्हणून वापरत, तेच चिन्ह धान्य मापताना सहापट होई. म्हणजे चिन्हाची किंमत काय, हे आधी वस्तू ठरवायची. कशाचंही नसलेलं नुसतं 'दहा' अजून सुटं झालेलं नव्हतं. ते सुटं व्हायला पुढं कित्येक शतकं लागली, आणि ते काम मंदिरांच्या आणि कोठारांच्या हिशोबनिसांनी केलं; तत्त्वज्ञ या प्रांतात बरेच उशिरा आले.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली; कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यात हीच गोष्ट आजच्या कपड्यांत बघायला मिळते. रवा फोडून रंग बघायचा, कण बघायचा, तुकडा जिभेवर ठेवायचा, कुठल्या गावचं गुऱ्हाळ ते विचारायचं. आणि मग हे सगळं बाजूला सारून क्विंटलला इतके रुपये असा एक आकडा उरतो. पावतीवर चव उतरत नाही. पण हा आकडा धूसर आहे असं कुणीही म्हणणार नाही. त्याच्याइतकं नेमकं त्या बाजारात दुसरं काही नसतं.

गणितातली पुढची मोठी उडी भारतात पडली. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले. शब्द सरळ सावकारीतले: जवळ असलेलं ते धन, देणं असलेलं ते ऋण. बेरीज-वजाबाकीपर्यंत हे व्यवहाराला धरून चालतं. पण ऋणाला ऋणानं गुणलं की धन येतं, हा नियम घेऊन एखाद्या आडत्याकडं जाऊन बघा. कर्जाला कर्जानं गुणायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला सांगता येणार नाही आणि आपल्यालाही. तो नियम खरा ठरतो तो कर्जदार आणि सावकार दोघांनाही हिशोबाबाहेर काढल्यावरच. व्यवहारातून उचललेल्या कल्पनेनं व्यवहाराचं बोट सोडल्याचं इतकं जुनं आणि स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. ब्रह्मगुप्त शून्याला शून्यानं भागलं की शून्य येतं असंही लिहून गेला. तो भाग टिकला नाही.

भास्कराचार्यांच्या काळापर्यंत, म्हणजे ११५० च्या सुमारास, या विद्येला चांगला आकार आलेला होता. ज्ञात संख्यांचं ते व्यक्तगणित, अज्ञात राशींचं ते अव्यक्तगणित. पहिल्या अज्ञाताला नाव 'यावत्तावत्', म्हणजे 'जितकं तितकं'. एकापेक्षा जास्त अज्ञातं आली की पुढच्यांना रंगांची नावं: काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिली अक्षरं पुरत, या, का, नी, पी. शाळेत आपण एक्स आणि वाय शिकलो. 'या' आणि 'का' शिकलो असतो तर गणित सोपं झालं नसतं, पण परकंही वाटलं नसतं. युरोपात फ्रान्स्वा व्हिएतनं १५९१ साली पुढचं पाऊल टाकलं. त्यानं अज्ञाताबरोबर ज्ञात संख्यांच्या जागीही अक्षरं घातली. तोवर एकेक समीकरण सोडवलं जाई. आता एका जातीची सगळी समीकरणं एकदम हाताळता येऊ लागली.

एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी आणखी धाडस केलं. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनच्या कालव्याकाठी चालताना विल्यम हॅमिल्टनला चार घटकांच्या संख्या सुचल्या आणि त्यानं सूत्र तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. महत्त्वाचं हे, की त्या संख्यांमध्ये गुणाकाराचा क्रम बदलला तर उत्तर बदलतं. दोन गुणिले तीन आणि तीन गुणिले दोन सारखेच, हा आपल्याला दगडावरची रेघ वाटणारा नियमही गाळता येतो आणि तरी गणित उभं राहतं, हे तेव्हा कळलं. १९२०च्या दशकात जर्मनीत एमी नोएथर यांनी हा विचार टोकाला नेला: राशी कोणत्या आहेत ते विसरा, त्या कोणते नियम पाळतात तेवढं धरा. एमएस्सीच्या पोरांना झोप न येऊ देणारा पेपर मुख्यतः त्यांच्या आणि त्यांच्या गोटातल्या लोकांच्या कामावर उभा आहे. पुढच्या पिढीनं तर आपल्याच एका शाखेला लाडानं 'ॲबस्ट्रॅक्ट नॉनसेन्स' असं नाव दिलं.

तत्त्वज्ञांचा वाद थोडक्यात. ॲरिस्टॉटल म्हणतो की गणिती माणूस वस्तूचं वजन, कठीणपणा, ऊबगारवा मनानं बाजूला काढतो आणि उरलेल्या आकाराचा विचार करतो. आपल्याकडं न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांनी 'सामान्य' हा स्वतंत्र पदार्थच मानला: सगळ्या गायींमध्ये असणारं गोत्व खरोखर आहे, एकच आहे, नित्य आहे. बौद्ध आचार्य दिङ्नागांना ते पटलं नाही. त्यांचा अपोहवाद म्हणतो, 'गाय' या शब्दानं कुठलं गोत्व हाती लागत नाही. गाय नसलेलं सगळं बाजूला सारलं जातं, तेवढंच. पुढं इंग्लंडात जॉन लॉकनं काटकोनही नाही आणि लघुकोनही नाही अशा सर्वसाधारण त्रिकोणाच्या कल्पनेविषयी लिहिलं, तेव्हा १७१० साली बर्कलीनं असा त्रिकोण मनात आणून दाखवा म्हणून त्याची टर उडवली.

हा अपोहवाद पोथीतला वाटेल, पण तो कोल्हापूरच्या गॅझेटात छापलेला सापडतो. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा जाहीरनामा आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी. त्यातली व्याख्या मात्र फारसं कुणी थांबून वाचत नाही. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. कोण आहेत हे सांगितलेलं नाही. कोण नाहीत हे सांगितलं आहे. मसुदा करणाऱ्यानं दिङ्नाग वाचला असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्यापुढं अधिकाऱ्यांची यादी होती आणि त्या यादीत तीच तीच आडनावं होती. संस्थानातल्या बाकीच्या सगळ्या जाती एकेक करून लिहीत बसण्यापेक्षा चार नावं बाजूला काढणं सोपं, आणि वादाला जागा कमी.

या व्याख्येनं काय गाळलं, हेही बघायला हवं. मराठा, धनगर, मुसलमान, महार, मांग, चांभार हे सगळे एका शब्दाखाली आले. त्यांच्यातलं आपसातलं अंतर त्या कागदावर दिसत नाही. १९०२ साली ते गाळणं गरजेचं होतं; पहिली अडचण दार उघडण्याची होती. पण गाळलेली गोष्ट नाहीशी होत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करायला राज्यांना मुभा दिली, तो सगळा खटला म्हणजे एका मोठ्या शब्दाच्या पोटात दडलेला तपशील परत मागण्याचाच खटला होता.

कायद्याला अशी अमूर्त माणसं नवी नाहीत. कंपनी ही 'व्यक्ती' असते हे आपण निमूट मानतो. त्याहून नवलाचं म्हणजे देवस्थान इनामाच्या जमिनीचा सातबारा. गाव नमुना सात हक्काचा, गाव नमुना बारा पिकाचा. विहिरीचं पाणी गोडं की मचूळ, बांधावरून भावकीत किती वर्षं बोलणं नाही, यातलं काही त्यावर येत नाही. आणि भोगवटदाराच्या रकान्यात देवाचं नाव. ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलनं १९२५ साली हिंदू देवतेला कायदेशीर व्यक्तित्व आहे हे मान्य केलं. १९६९ साली देवतेच्या प्राप्तिकराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं आला, तेव्हा न्यायालयानं खुलासा केला की कायद्याच्या नजरेतली ही व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष परमेश्वर नव्हे. दान देणाऱ्यानं मनात धरलेल्या हेतूची ती प्रतिनिधी आहे. गाभाऱ्यातला पाषाण मूर्त, आणि कर भरणारी देवता अमूर्त.

आता चित्रांकडं येऊ. कोल्हापूरची चित्रपरंपरा वास्तववादी, आणि तिला त्याचा रास्त अभिमान आहे. शाहू महाराजांच्या दरबारचे आबालाल रहिमान, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवणारे आणि १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे बाबूराव पेंटर, ही इथली दैवतं. हुबेहूब उतरलं पाहिजे हा इथला दंडक. पण पंचगंगेच्या घाटावर सकाळी बोर्ड घेऊन बसलेल्या कला महाविद्यालयातल्या पोरांना त्यांचे सर काय सांगतात ते ऐका. 'डोळे किलकिले करून बघ.' पापण्या अर्ध्या मिटल्या की देवळांच्या शिखरांवरचं नक्षीकाम जातं, पायऱ्यांमधल्या फटी जातात, वाळत घातलेली धुणी जातात. उरतात तीन-चार छटांचे मोठे आकार: काळवंडलेला दगड, त्याचं पाण्यातलं थोडं उजळ रूप, मागचं फिकट आभाळ. आधी तेवढंच लावायचं. तपशील शेवटी, आणि जमेल तितका कमी. हुबेहूब वाटणारा जलरंग असा गाळूनच तयार होतो. जो सगळं काढायला जातो त्याचा कागद मळतो.

डच चित्रकार पीट मोंद्रियाननं हेच झाडाच्या बाबतीत केलं. १९०८ ते १९१० मधलं त्याचं लाल झाड झाडासारखंच दिसतं. १९११ मधल्या करड्या झाडात फांद्यांच्या कमानी उरल्यात. १९१२ मधलं फुललेलं सफरचंदाचं झाड नाव वाचल्याशिवाय ओळखू येत नाही. दहा वर्षांत काळ्या उभ्या-आडव्या रेषा आणि लाल, पिवळा, निळा एवढंच शिल्लक राहिलं. ही साखळी डोळ्यांपुढं मांडली तर घाटावरच्या कुठल्याही पोराला ती कळते, कारण पहिली पायरी त्यानं स्वतः चढलेली असते.

गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. स्वीडनमधल्या हिल्मा आफ क्लिंट यांची १९०६ पासूनची चित्रं, रशियन चित्रकार कांडिन्स्कीची १९१० नंतरची, मालेविचचा १९१५ मधला काळा चौकोन. इथं कुठल्या झाडातून, कुठल्या घाटातून काही गाळलेलं नाही, कारण सुरुवातीला असं काही घेतलेलंच नाही. रंग आणि आकार स्वतःच्याच जोरावर उभे आहेत. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ॲबस्ट्रॅक्ट म्हणू देत नसत; 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. मला त्यांचा हट्ट अगदी बरोबर वाटतो. 'हे कशाचं चित्र आहे' हा प्रश्न मोंद्रियानच्या झाडाला विचारता येतो, गायतोंड्यांच्या कॅनव्हासला विचारून उपयोग नाही. दोन्हींना एकच बिल्ला लावल्यामुळं प्रेक्षक नको तिथं तो प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळालं नाही की चित्रकाराला शिव्या घालतो.

गंमत म्हणजे हाच प्रेक्षक देवल क्लबात, म्हणजे इथल्या संगीताच्या जुन्या संस्थेत, तासभर ख्याल ऐकतो आणि 'हे कशाचं गाणं' असं विचारत नाही. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीतली 'आ'काराची तान इथल्या कानांत मुरलेली आहे. बंदिशीच्या दोन ओळी, बाकी सगळे सूर. आणि राग ही तर कधीच प्रत्यक्ष ऐकू न येणारी गोष्ट; ऐकू येते ती या गवयाची, या बैठकीतली मांडणी. भूप आणि देशकार दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. नुसते स्वर मोजले तर दोन्ही एकच. पण भूप गंधाराशी घर करतो, देशकार धैवताशी. भातखंड्यांनी रागांची थाटांत वर्गवारी करताना एकाला कल्याण थाटात ठेवला, दुसऱ्याला बिलावलमध्ये. किती गाळलं की राग हातातून निसटतो, याची समज गवयाला असावीच लागते.

संगणकाच्या जगात हा शब्द सगळ्यात उशिरा आला आणि सगळ्यात कामाचा झाला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेस हॉपर यांनी यंत्राच्या आकड्यांऐवजी वरच्या पातळीवरून सूचना देण्याची वाट पाडली, १९५७ मध्ये फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आली. १९७२ साली एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी लिहिलेलं एक वाक्य आपल्या कलादालनाच्या दारावर लावावं असं आहे. आशय असा: अमूर्तीकरणाचा हेतू मोघम होणं हा नसून, जिथं पूर्ण काटेकोर राहता येईल अशी नवी पातळी उभी करणं हा असतो. त्याच वर्षी डेव्हिड पार्नास यांनी प्रोग्रामचे तुकडे कसे पाडावेत, तर पुढं बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका तुकड्यात झाकून टाकावा, असं सांगितलं. १९७४ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलेस यांनी अमूर्त डेटा प्रकारांची कल्पना मांडली: माहिती आत कशी ठेवलीय ते झाकायचं, तिच्यावर काय करता येतं तेवढं दाखवायचं. आज इंटरव्ह्यूत विचारतात ते यांचंच शिळं झालेलं उत्तर.

२०१६ मध्ये सुरू झालेलं यूपीआय हा या विचाराचा आपल्या हातातला नमुना. मंडईत मावशींच्या पाटीला क्यूआर कोड चिकटवलेला असतो. त्यांची बँक कोणती, खातं क्रमांक काय, आयएफएससी काय, यातलं गिऱ्हाईकाला काही ठाऊक नसतं आणि असायची गरज नसते. पण जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरनं २००२ साली लिहून ठेवलंय की असं झाकण कुठं ना कुठं गळतंच. गिऱ्हाईक म्हणतं 'पैसे कट झालेत', मावशींचा साउंडबॉक्स गप्प. तेव्हा झाकलेलं सगळं एकदम वर येतं: पाठवणारी बँक, घेणारी बँक, मधला स्विच, सर्व्हर. आणि मेथीची जुडी दोघांच्या मधे तशीच.

सरासरी हाही गाळण्याचाच प्रकार. बेल्जियमच्या अडोल्फ केतलेनं १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली आणि समाजशास्त्रांना नवं हत्यार मिळालं. आपल्याकडं ते हत्यार दर हंगामात उसाच्या बिलात चालतं. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये ठरवले, आणि वरच्या दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर. एकाचा आडसाली ऊस वेळेवर तोडून त्याच दिवशी गव्हाणीत पडतो, दुसऱ्याचा तोडून फडातच वाळतो. दोघांच्या रसातली साखर सारखी नसते. पण दोघांच्या उसाचा रस एकाच टाकीत जातो आणि दोघांनाही टनाला तोच दर मिळतो.

दिवसभर रांगेत येणाऱ्या शेकडो ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांतला प्रत्येक ऊस तपासणं परवडणारं नव्हतं, म्हणून ही सोय झाली. ती अटळ होती असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यागणिक उसातली साखर तपासून पैसे देतात, ब्राझीलमध्येही दर साखरेच्या अंशाशी बांधलेला असतो. आपल्या बिलात शेतकऱ्याचं स्वतःचं असं उरतं ते फक्त वजन. म्हणूनच उताऱ्याची तक्रार सभेत, मोर्चात, सगळ्यांच्या वतीनं होते. एकट्यानं उभं राहून भांडायचं झालं तर जागा एकच, वजनकाटा.